बोटातली राजमुद्रा

अंगठी हे सत्तेचे सर्वांत छोटे चिन्ह. सिंहासन जागचे हलत नाही, मुकुट समारंभापुरता डोक्यावर चढतो, छत्र-चामरे धरायला चार माणसे लागतात. अंगठी मात्र राजाच्या बोटात अष्टौप्रहर असते, शिकारीला आणि लढाईला त्याच्याबरोबर जाते, आणि वेळ पडली तर काढून दुसऱ्याच्या तळहातावर ठेवता येते. तिच्या इतिहासाचे मर्म या काढून देण्यात आहे. जी वस्तू विश्वासाने देता येते ती हरवते, चोरीला जाते, मेलेल्याच्या बोटातून ओढूनही घेता येते. दरबारांनी पहिल्या सोयीचा फायदा घेतला. कथाकारांना दुसरीच बाजू अधिक भावली.

अंगठी राजचिन्ह झाली ती शिक्का म्हणून, दागिना म्हणून नव्हे. लिहिता-वाचता येणारी माणसे मोजकी होती तेव्हा हुकूम कोणाचा आहे हे ओळखायला ठसा हाच भरवशाचा मार्ग होता. मेसोपोटेमियात त्यासाठी दंडगोल मुद्रा असत, सिंधू संस्कृतीत पाठीमागे भोक पाडलेली मूठ असलेल्या चौकोनी मुद्रा. इजिप्तने मुद्रेला बोटात आणले. शेणकिड्याच्या आकाराचा खडा अंगठीत असा बसवत की तो आसाभोवती फिरे. वर किड्याची पाठ दिसायची आणि उलटवला की सपाट पोटावर कोरलेले नाव पुढे यायचे. गुंडाळी किंवा पेटी दोरीने बांधायची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचा आणि त्यावर नाव टेकवायचे. माती वाळल्यावर ठसा फोडल्याशिवाय गाठ सुटत नसे. कुलूप मजबूत नव्हते, पण कोणी हात लावला तर ते लपत नसे, आणि राज्यकारभाराला तेवढे पुरे होते.

बायबलच्या जुन्या करारात इजिप्तचा फारो योसेफला कारभारी नेमताना स्वतःच्या हातातली अंगठी काढून त्याच्या हातात घालतो. त्याहून बोलकी गोष्ट एस्तेरच्या पुस्तकात आहे. पर्शियाचा राजा अहश्वेरोश आपली अंगठी हामान या मंत्र्याला देतो. हामान तिच्या ठशाने साऱ्या यहुद्यांच्या कत्तलीचा हुकूम सुभ्यासुभ्यांत धाडतो. हामानचे कारस्थान उघडे पडते आणि तो फासावर जातो, तरी हुकूम काही मागे घेता येत नाही, कारण राजाच्या अंगठीचा ठसा उठलेला कागद खुद्द राजालाही रद्द करता येत नाही असा तिथला कायदा. मग तीच अंगठी मर्दखय या यहुद्याला देऊन दुसरा हुकूम काढावा लागतो: यहुद्यांनी हत्यार उचलून आपला बचाव करावा. ही कथा इतिहास म्हणून कितपत खरी मानावी याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण देणाऱ्याच्या हाताबाहेर गेलेल्या शिक्क्याची भीती तिच्यात जितकी स्पष्ट आहे तितकी क्वचितच कुठे सापडते.

अंगठी दिली म्हणजे सत्ता दिली, असे मात्र नेहमी घडले नाही. इ.स.पू. 323 मध्ये बॅबिलोनमध्ये मरणाच्या दारात असलेल्या अलेक्झांडरने आपली मुद्रिका पर्डिकस या सेनापतीला दिली, असे प्राचीन इतिहासकार सांगतात. पर्डिकसला अंगठी मिळाली, पण सेनापतींचे इमान मिळाले नाही. इजिप्तच्या स्वारीत त्याच्याच सरदारांनी त्याला ठार मारले आणि साम्राज्याचे तुकडे झाले.

रोमन लोकांनी अंगठीला अख्ख्या समाजाच्या उतरंडीचे माप करून टाकले. आरंभी साधा नागरिक लोखंडी अंगठी घाली. सोन्याची अंगठी हा सिनेटर आणि अश्वारूढ वर्ग यांचा मान होता. इ.स.पू. 216 मध्ये कॅनीच्या रणांगणावर कार्थेजच्या हॅनिबलने रोमन सैन्य कापून काढले तेव्हा त्याचा भाऊ मागो कार्थेजच्या सभेत गेला आणि त्याने मेलेल्या रोमनांच्या सोन्याच्या अंगठ्या दारात ओतल्या. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की, काहींच्या मते त्या साडेतीन मापे भरल्या, पण एकच माप हे खऱ्याच्या जवळचे. शत्रूचे किती लोक पडले हे कोणीही सांगू शकतो. किती मोठे लोक पडले, हे त्या ढिगाने सांगितले.

अंगठीच्या ठशावर किती विसंबावे, हा धडाही रोमनांना हॅनिबलनेच दिला. इ.स.पू. 208 मध्ये मार्सेलस हा कॉन्सल अचानक हल्ल्यात मारला गेला आणि त्याची अंगठी हॅनिबलच्या हाती पडली. दुसरा कॉन्सल क्रिस्पिनस स्वतः जबर जखमी होता, तरी त्याने आसपासच्या गावांना तातडीने निरोप धाडले: मार्सेलस मेला आहे, त्याची मुद्रा शत्रूकडे आहे, त्याच्या नावाच्या कोणत्याही पत्रावर विश्वास ठेवू नका. निरोप सॅलापिया या गावाला वेळेवर पोहोचला. मागोमाग मार्सेलसच्या ठशाचे पत्र आले की, कॉन्सल येत्या रात्री येत आहे, शिबंदी सज्ज ठेवा. गावकऱ्यांनी जासुदाला काहीच न दाखवता परत पाठवले. रात्रीच्या शेवटच्या प्रहरी हॅनिबलची तुकडी वेशीशी आली. पुढे रोमन फितुरांना ठेवले होते, रोमन हत्यारे घेतलेले आणि लॅटिन बोलणारे. पहारेकऱ्यांनी झोपेतून उठल्याचे सोंग करून वेशीचा वरून सरकणारा दरवाजा उचलला. सहाशेएक माणसे आत आली तसा दोर सोडला. दरवाजा धाडकन खाली आला आणि आत सापडलेले कापले गेले.

ऑगस्टस या बाबतीत सावध होता. त्याच्याकडे स्फिंक्स कोरलेल्या दोन हुबेहूब अंगठ्या होत्या. यादवी युद्धाच्या काळात तो दूर असताना एक त्याच्या विश्वासू मित्रांकडे असे आणि ते तिच्या ठशाने त्याच्या नावाची पत्रे काढत. त्या पत्रांतून कोडीच येतात, अशी लोक थट्टा करत, म्हणून की काय, त्याने पुढे अलेक्झांडरचे मुख आणि नंतर स्वतःचेच मुख असलेली मुद्रा घेतली. इ.स.पू. 23 मध्ये तो जिवावरच्या दुखण्यात असताना त्याने अंगठी आपला सेनापती अग्रिपा याला दिली, आणि पुतण्या-भाच्यांकडे डोळे लावून बसलेल्या रोमला वारस कोण याचा अंदाज आला. दुखणे बरे झाले, म्हणून तो अंदाज पडताळला गेला नाही. त्याच्यानंतरच्या टायबेरियसची एक आठवण स्यूटोनियसने नोंदवली आहे. शेवटच्या घटका भरत आलेल्या या म्हाताऱ्या सम्राटाने कोणाला तरी देण्यासाठी अंगठी काढली, थोडा वेळ हातात धरली, पुन्हा बोटात घातली आणि डाव्या हाताची मूठ घट्ट आवळून तो बराच वेळ पडून राहिला. रोमन सत्तेवरच्या शेकडो पानांपेक्षा ही आवळलेली मूठ जास्त सांगते.

भारतात शिक्क्याचा कारभार अर्थशास्त्राच्या काळापर्यंत चांगला रुळला होता. कौटिल्याने मुद्राध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. एक माषक घेऊन तो प्रवाशाला मुद्रा देई. ती दाखवली तरच जनपदात शिरता किंवा बाहेर पडता येई, आणि मुद्रेवाचून सापडलेल्या रहिवाशाला बारा पण दंड होता. प्रत्यक्ष पुरावा मातीतून निघाला. बिहारमधल्या बसाढ येथे, म्हणजे प्राचीन वैशालीत, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या उत्खननात गुप्तकाळातले मातीचे ठसे मोठ्या संख्येने सापडले. त्यांतला एक दुसऱ्या चंद्रगुप्ताची राणी आणि गोविंदगुप्ताची आई ध्रुवस्वामिनी हिचा आहे. काही युवराजांच्या कचेऱ्यांचे, काही सावकार-व्यापाऱ्यांच्या श्रेणींचे. पत्रे आणि गाठोडी कधीच नाहीशी झाली. त्यांच्या गाठींवरची माती तेवढी उरली.

संस्कृत नाटककारांनी हा व्यवहार जवळून पाहिला असावा, कारण त्यांच्या अंगठ्या प्रेमाच्या खुणा वाटल्या तरी वागतात सरकारी कागदासारख्या. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत अंगठी नाहीच. तिथे आकाशवाणी साक्ष देते. कालिदासाने अंगठी आणली आणि ती पहिल्या अंकातच कामाला लावली. दुष्यंत आपण राजा असल्याचे लपवून आश्रमात आला आहे. झाडांना पाणी घालण्याच्या पाळीतून शकुंतलेला मोकळे करण्यासाठी तो अंगठी पुढे करतो, तिच्यावरचे नाव वाचून दोन्ही सख्या एकमेकींकडे बघतात, आणि हा घाईघाईने सांगतो की ही राजाकडून मिळालेली भेट आहे. म्हणजे राजाची अंगठी बोटात असणे हे राजपुरुषाला शोभणारे होते, हे प्रेक्षकाला ठाऊक होते. सहाव्या अंकात शकुंतलेकडून हरवलेली तीच अंगठी रोहित माशाच्या पोटातून निघते. बाजारात ती विकायला आलेल्या कोळ्याला शिपाई मारत-बांधत नेतात. गरिबाच्या हातात राजाचे नाव म्हणजे चोरी, हा त्यांचा सरळ हिशेब. राजाकडून अंगठीच्या मोलाइतके बक्षीस येते तेव्हा कोळी अर्धे त्याच शिपायांना देऊन टाकतो आणि सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे निघतात. सगळ्या नाटकात राज्ययंत्रणेचा इतका खरा तुकडा दुसरा नाही.

‘मालविकाग्निमित्रा’त शिक्क्याची फसवणूक विनोदासाठी येते. राणी धारिणीने राजाच्या आवडत्या मालविकेला तळघरात कोंडले आहे आणि राखणदारणीला ताकीद आहे की आपली नागमुद्रेची अंगठी पाहिल्याशिवाय तिला सोडायचे नाही. विदूषक गौतम केतकीचा काटा बोटाला टोचून घेतो, साप चावल्याचा कांगावा करतो आणि विष उतरवायला सापाची आकृती असलेली वस्तू हवी असा निरोप राणीकडे जातो. राणी घाबरून स्वतःहून अंगठी काढून देते. पुढे तळघराचे दार उघडायला वेळ लागत नाही.

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त मात्र हसण्याला जागा नाही, तिथे एका अंगठीने राज्याचा निकाल लागतो. नंदांचा अमात्य राक्षस राजधानी कुसुमपुरातून निसटताना बायकामुलांना चंदनदास या जवाहिऱ्याच्या घरी ठेवतो आणि आपली नाममुद्रा बायकोच्या बोटात घालून जातो. चाणक्याचा हेर यमाच्या चित्रांचा पट दाखवत त्या दाराशी येतो. कुतूहलाने एक पाच वर्षांचे पोर बाहेर धावते, त्याला आत ओढायला एक स्त्री हात पुढे करते, आणि पुरुषाच्या मापाची ती सैल अंगठी तिच्या बोटातून गळून हेराच्या पायाशी येते. चाणक्य तिच्या ठशाने एक पत्र बंद करतो. त्याची खरी चलाखी पुढे आहे: तो अंगठी स्वतःकडे ठेवत नाही. त्याचा माणूस सिद्धार्थक तीच अंगठी सापडल्याच्या बहाण्याने राक्षसाला परत नेऊन देतो आणि राक्षस ती पुन्हा वापरात आणतो. त्यामुळे पाचव्या अंकात पत्र पकडले जाते तेव्हा मुद्रा हरवली होती असे सांगण्याची सोयच राक्षसाला उरत नाही. राक्षस ज्याच्या बाजूने उभा आहे तो राजा मलयकेतू ठसा बघतो, मित्राचे इमान संपले असे धरून चालतो आणि स्वतःचा सर्वनाश ओढवून घेतो. शिक्का खोटा नाही, अक्षर ओळखीचे, साक्षीदार हजर. खोटा आहे तो फक्त मजकूर.

रामायणातली अंगठी याच्या उलट दिशेने जाते. रामाने नाव कोरलेली अंगठी दिली ती सीतेला हनुमानाची खात्री पटावी म्हणून. रावण भिक्षेकऱ्याच्या वेशात येऊन गेलेला, त्यामुळे तिचा संशय रास्त होता. वाल्मीकीचा हनुमान आधी रामाचे वर्णन करतो, हकिकत सांगतो आणि मग अंगठी पुढे करतो. उलटटपाली सीता चूडामणी देते.

इस्लामी परंपरेत पैगंबर मुहम्मदांच्या चांदीच्या मुद्रिकेची हकिकत हदीसमध्ये येते: परदेशी राजे ठशाशिवाय पत्र स्वीकारत नाहीत असे कळल्यावर ती करून घेतली, पुढे ती पहिल्या तीन खलिफांकडे गेली आणि उस्मान यांच्या हातून मदिनेतल्या अरीसच्या विहिरीत पडली. विहीर उपसूनही ती मिळाली नाही. मोगल दरबारात उझुक नावाची लहान गोल मुद्रा सर्वांत महत्त्वाच्या फर्मानांसाठी असे, आणि ती ज्याच्या ताब्यात तो बादशहाच्या सर्वांत जवळचा. शाहजहानने ती मुमताज महलकडे सोपवली होती.

मराठी राज्यात कागद आणि शाईचा जमाना होता. मुद्रा बोटापेक्षा मोठी झाली होती आणि ती सांभाळणारे कारकून वेगळे होते, पण हुकमाची ओळख पटवणे आणि सत्ता सोपवणे हे अंगठीचे दोन्ही अर्थ तिने जपले. पत्राच्या माथ्यावर मुख्य शिक्का आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, म्हणजे त्याखाली कोणाला ओळ वाढवता येऊ नये. शहाजीराजांची आणि जिजाबाईंची मुद्रा फारसीत होती. शिवाजीराजांनी अष्टकोनी मुद्रेवर संस्कृत श्लोक घेतला आणि त्यात वाढत्या चंद्रकोरीची उपमा आली. सरदारांच्या शिक्क्यांवर मात्र दुसऱ्याचे नाव आधी येई. पेशव्याच्या शिक्क्यात छत्रपतींचे नाव वर आणि आपले मुख्य प्रधान म्हणून खाली. होळकरांच्या शिक्क्यात आधी म्हाळसाकांत खंडोबा, मग ‘चरणी तत्पर’ आणि मग मल्हारजी. सत्तेच्याच ठशावर चाकरीची कबुली कोरलेली. नव्या पेशव्याला साताऱ्याहून वस्त्रे आणि शिक्के-कट्यार येईपर्यंत पेशवाई रीतसर होत नसे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सारी सत्ता पुण्यात होती आणि साताऱ्याचे छत्रपती जवळपास नजरकैदेत, तरी दुसऱ्या बाजीरावापर्यंत ही रीत कोणी मोडली नाही.

युरोपात अंगठीवरून सम्राट आणि पोप यांचे जवळजवळ पन्नास वर्षे भांडण चालले. बिशपला अंगठी आणि दंड कोणी द्यायचा, हा वाद. कारण देणारा तो धनी. 1122 च्या वर्म्सच्या करारात सम्राट पाचव्या हेन्रीने अंगठी-दंडाचा हक्क सोडला आणि राजदंडाने जहागीर देण्याचा तेवढा राखला. पोपची स्वतःची ‘कोळ्याची अंगठी’ 1265 च्या एका पत्रात प्रथम उल्लेखलेली दिसते. पोप मेला की ती मोडायची, म्हणजे गादी रिकामी असताना कोणी खोटा हुकूम काढू नये. 1842 पासून ठशासाठी तिच्याऐवजी साधा शिक्का वापरात आला, पण मोडण्याची प्रथा टिकली. 2013 मध्ये बेनेडिक्ट सोळावे हयात असताना पायउतार झाले तेव्हा त्यांच्या अंगठीवर फुलीसारखे चरे पाडून ती निकामी केली गेली.

उत्तरेकडच्या जर्मानिक टोळ्यांत कथा निराळी. तिथे शिक्क्याचा संबंध नव्हता. सोन्याचे वळे, बहुधा दंडात किंवा मनगटात घालायचे, राजा आपल्या योद्ध्यांना वाटे, आणि ते घेणारा त्याच्यासाठी मरायला बांधला जाई. जुन्या इंग्रजी काव्यात राजाला ‘वळी वाटणारा’ म्हणतात ते याच अर्थाने. पेशवाईतही पराक्रमाबद्दल सोन्याचे कडे बक्षीस मिळे, तेव्हा ही रीत मराठी वाचकाला अगदी परकी वाटू नये. शपथही वळ्यावर घेत. 876 मध्ये डेन लोकांनी राजा आल्फ्रेडसमोर पवित्र वळ्यावर हात ठेवून राज्य सोडून जाण्याची शपथ वाहिली, असे अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात आहे. शपथ त्यांनी लगेच मोडली, हेही तिथेच आहे.

आधुनिक काळात राज्यकर्त्यांनी हा व्यवहार उलटा केला: अंगठी द्यायची ती प्रजेने. 1813 मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढ्यासाठी प्रशियातल्या स्त्रियांनी सोन्याच्या अंगठ्या दिल्या आणि बदल्यात लोखंडी घेतल्या. त्या लोखंडालाच प्रतिष्ठा आली. मुसोलिनीने ही कल्पना उचलली. इथिओपियावरच्या आक्रमणामुळे राष्ट्रसंघाने निर्बंध घातले होते. 18 डिसेंबर 1935 रोजी रोममध्ये राणी एलेनाने स्वतःची लग्नाची अंगठी दिली आणि मागोमाग हजारो बायकांनी. नवऱ्याशी असलेले इमान राष्ट्राच्या तिजोरीत जमा झाले आणि हाती पोलादी वळे आले. नाझी नेता हिमलरने तर आपल्या एसएस दलाच्या निवडक लोकांना कवटीची अंगठी दिली आणि मेल्यावर ती परत आली पाहिजे असा नियम केला. या सगळ्यात कॅनडाच्या अभियंत्यांची लोखंडी अंगठी सोज्वळ म्हणावी लागेल. 1925 पासून ती शपथविधीत करंगळीत घातली जाते, विधी रुडयार्ड किपलिंगने लिहून दिला. कोसळलेल्या क्वेबेक पुलाच्या लोखंडातून पहिल्या अंगठ्या केल्या ही आख्यायिका लोकप्रिय असली तरी खरी नाही.

अद्भुतकथांतल्या अंगठ्या या साऱ्या व्यवहारांवरच उभ्या आहेत. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये सांगितलेला लिडियाचा धनगर गायजेस भेगाळलेल्या जमिनीत उतरतो, काशाच्या पोकळ घोड्यात पडलेल्या प्रेताच्या बोटातली अंगठी काढतो, आणि कोंदण तळहाताकडे फिरवले की तो अदृश्य होतो. मग तो राणीला वश करतो, राजाला मारतो, गादी घेतो. मुद्रिकेच्या कोंदणावर माणसाची ओळख असते. ती आत वळवली की जबाबदारीही आत वळते, असा अर्थ प्लेटोच्या समकालीनांना लागला असेल तर नवल नाही. सुलेमानच्या अंगठीची कथाही अशीच: ती चोरून एक जिन्न त्याच्या गादीवर बसतो आणि खरा राजा भिकारी होतो. पुढे ती माशाच्या पोटात सापडते. सामोसचा हुकूमशहा पॉलिक्रेटिस याची समुद्रात टाकलेली अंगठीही हिरोडोटसच्या सांगण्यानुसार माशातूनच परत आली होती, पण ती त्याच्या नाशाची नांदी ठरली.

नॉर्स कथांत आंद्वरी या बुटक्याची शापित अंगठी बापाला मुलाकडून मारवते, तरी तिच्यात जगावर राज्य करण्याची शक्ती नाही. ती घातली रिचर्ड वॅग्नरने. 1876 च्या ऑगस्टमध्ये बायरॉइटला प्रथम सलग सादर झालेल्या त्याच्या चार संगीतिकांत, जो प्रेमाचा त्याग करील त्यालाच जगावर सत्ता देणारी अंगठी घडवता येते.

जे. आर. आर. टॉल्किन 1925 पासून वीस वर्षे ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते. वळी वाटणारे राजे त्यांच्या रोजच्या वाचनातले. 1937 च्या ‘द हॉबिट’मध्ये अंगठी अदृश्य होण्याची युक्ती होती, त्याहून फार काही नाही. पहिल्या आवृत्तीत तिचा मालक गॉलम कोड्यांची पैज हरल्यावर ती बक्षीस म्हणून द्यायला खरोखर तयार होता. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना तिच्यात सत्ता आली आणि असे सहज देणे अशक्य झाले, म्हणून 1951 च्या आवृत्तीत ते प्रकरण बदलावे लागले. 1954-55 मध्ये आलेल्या या कादंबरीत खलनायक सॉरॉन जुन्या राजांसारखाच अंगठ्या वाटतो: बुटक्यांना सात, माणसांना नऊ. फरक असा की, घेणारा स्वखुशीने बांधला जात नाही. ती नऊ माणसे झिजत झिजत सावल्या होतात. बुटके दबत नाहीत, त्यांचा लोभ मात्र वाढतो. एल्फांच्या तीन अंगठ्यांना सॉरॉनचा हात लागलेला नसतो. त्याने बाकीच्यांवर हुकमत चालवणारी मुख्य अंगठी घालताच ते आपल्या काढून ठेवतात.

त्याच विश्वात एक साधी अंगठीही आहे, जादू नसलेली. लढाईत आपला जीव वाचवल्याबद्दल एल्फांचा राजा फिनरॉड ती बाराहीर या माणसाला देतो आणि त्याच्या वंशाच्या हाकेला धावून येण्याची शपथ घेतो. बाराहीरचा मुलगा बेरेन ती दाखवत फिनरॉडच्या दारी येतो, तेव्हा राजा मुकुट खाली टाकून त्याच्याबरोबर निघतो आणि सॉरॉनच्या कोठडीत बेरेनला वाचवताना मरतो. ही अंगठी पिढ्यान्‌पिढ्या उतरत शेवटी कादंबरीतल्या आरागॉर्नच्या हाती येते, आणि तो ती वाङ्निश्चयाची म्हणून आर्वेनला देतो.